लिफ्टमधे अनोळखी माणसाशी बोलायचं कसं: नागपूरकरांसाठी पायरीपायरीनं

नागपुरात आधी सगळं बोलणं व्हायचं ते फाटकापाशी. महालात जा, इतवारीत जा, धरमपेठेत जा, संध्याकाळी अंगणात पाणी मारून झालं की माणूस फाटकाला टेकून उभा राहायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्याला, ओळख असो नसो, विचारायचा, "काऊन भाऊ, कुठं निघाले?" आता मनीषनगर, बेसा, वर्धा रोड, जिकडं पाहा तिकडं सात-सात दहा-दहा मजल्यांच्या स्कीम झाल्या, फाटकावर गार्ड बसला, आणि ते सगळं बोलणं येऊन पोचलं लिफ्टमधे. आणि तिथं गडबड होते, कारण फाटकापाशी समोरच्याला नसलं बोलायचं तं तो "चला, येतो" म्हणून पुढं निघून जायचा, लिफ्टचं दार एकदा बंद झालं की तो जाणार कुठं?

म्हणून मंग दोन टोकं दिसतात. एक तं सगळे मोबाईलमधे डोकं घालून उभे, एकाच मजल्यावर वर्षानुवर्षं राहून एकमेकांकडं पाहत नाहीत, किंवा मंग एखादे काका चढतात आणि चौथा मजला यायच्या आत तुमचं गाव, आडनाव, नोकरी, लग्न, सगळं काढून घेतात. मला आपला बोलका स्वभाव फार आवडतो, तो फ्लॅटमधे येऊन मरू नये असं मनापासून वाटतं, म्हणून हे एवढं सविस्तर लिहून राहिलो. एक गोष्ट सगळ्या पायऱ्यांमधे परत परत येईल ती आधीच सांगतो: लिफ्टमधे समोरच्याला निघून जाता येत नाही, तं आपलं बोलणं असं पाहिजे की उत्तर नाही दिलं तरी त्याला अवघडल्यासारखं वाटू नये.

पायरी १: आपल्याकडं वेळ किती आहे ते समजून घ्या

राहत्या बिल्डिंगमधल्या साध्या लिफ्ट सेकंदाला साधारण १ मीटरच्या आसपास चालतात. मजल्याची उंची ३ मीटर धरली तं एका मजल्याला ३ सेकंद, म्हणजे तळमजल्यावरून सातव्यावर जायला २१ सेकंद, सुरू होताना आणि थांबताना जाणारा वेळ धरला तं २५. मधे कोणी चढलं-उतरलं की दार उघडणं-बंद होणं मिळून अजून ८-१० सेकंद. बस. एवढ्यात एक वाक्य तुमचं, एक त्यांचं, परत एक तुमचं आणि "चला" एवढंच बसतं. पोराच्या ॲडमिशनची भानगड, जावयाचं ट्रान्सफर, पार्किंगचं भांडण हे यात बसतच नाही, अर्धं राहते आणि मंग समोरचा माणूस एक पाय बाहेर एक पाय आत असा दार अडवून उभा, वरच्या मजल्यावर दुसरं कोणी बटण दाबून दाबून वैतागलेलं. विषय निवडायच्या आधी मजला मोजायची सवय लावा. दुसरा मजला असेल तं नुसती मान हलवली, हसलं, झालं, तेवढं पुष्कळ आहे.

पायरी २: सुरुवात दाराच्या बाहेर करा

लिफ्टची वाट पाहत उभे असता तेव्हा दोघांनाही मोकळं असतं, कोणाला नसलं जमत तं तो जिन्याकडं वळू शकतो, मोबाईल कानाला लावू शकतो. म्हणून पहिली नजरानजर, पहिलं हसणं, पहिला "नमस्कार काका" तिथंच होऊन जाऊ द्या. आत शिरून, दार बंद झाल्यावर अचानक मागून "नमस्कार!" आला की माणूस दचकतेच.

आणि कान पाहा त्याचे. आजकाल कानात ते छोटे वायर नसलेले असतात, केसांच्या आड दिसतही नाहीत. आमच्या स्कीममधे एक बाई फोनवर बोलत चढल्या, "कसे आहात, बरं आहे ना आता?" असं म्हणाल्या, बाजूच्या आजोबांनी पूर्ण उत्तर दिलं, गुडघ्याचं, शुगरचं, रात्री झोप लागत नाही त्याचं, आणि त्या बिचाऱ्या फोनवरच्या बहिणीला होल्डवर ठेवून सहाव्या मजल्यापर्यंत मनापासून ऐकत राहिल्या. दोघांचंही काही चुकलं नाही, उलट त्या दिवसापासून दोघांची चांगली ओळख झाली. पण सगळेच एवढे मनानं मोठे नसतात, तं आधी दोन सेकंद थांबा, समोरचा तुमच्याकडं पाहूनच बोलून राहिला ना हे बघा, आणि चुकून उत्तर गेलंच तं नुसतं हसा, "मले वाटलं मलेच विचारलं" म्हणा आणि सोडून द्या. त्याच्यावर चार वेळा सॉरी म्हणत बसलं की तोही बिचारा लाजते.

उतरणाऱ्याला आधी उतरू देणं, मागून कोणी पिशव्या घेऊन येत असेल तं दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरणं, हे पण बोलण्यातच येते. एकही शब्द न बोलता समोरच्याला कळते की हा माणूस बरा आहे.

पायरी ३: उभं कुठं राहायचं

सहा माणसांची लिफ्ट म्हणजे आतून जेमतेम एक-सव्वा मीटरची खोली. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं माणसं एकमेकांपासून किती अंतर राखतात याचा अभ्यास केला होता, त्यात साधारण ४५ सेंटीमीटरच्या आतली जागा ही अगदी जवळच्या माणसांसाठीची असं त्यानं मांडलं. (हे अंतर त्यानं तिथल्या लोकांना पाहून सांगितलं, आपल्या सीताबर्डीच्या गर्दीत मोजलं असतं तं आकडा बराच खाली आला असता.) लिफ्टमधे चार जण झाले की कोणीतरी अनोळखी माणूस तेवढ्या अंतरात येतोच, म्हणून सगळ्यांचे डोळे आपोआप वरच्या लाल आकड्याकडं जातात. त्यात उद्धटपणा काही नाही. इर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९६३ साली यावर लिहिलं की अनोळखी लोकांमधे एकदा पाहून दखल घ्यायची आणि मंग नजर काढून घ्यायची, हाही समोरच्याचा मान राखायचाच एक प्रकार आहे. लिफ्टमधे हेच करायचं: एकदा पाहा, मान हलवा, नजर काढा.

एकदम समोरासमोर तोंड करून उभे राहू नका. बाजूला, थोडं तिरपं, दाराकडं तोंड. मागं आरसा असेल तं आरशातून कोणाकडं टक लावून पाहू नका, त्याला ते दिसते. पाठीवरची बॅग उतरवून पायापाशी धरा, कारण वळल्यावर ती कोणाच्या तरी तोंडावर जाते आणि मंग बोलण्याची सुरुवातच भांडणानं होते.

या पाहण्यावरून एक मजेशीर गोष्ट आहे. १९६२ साली अमेरिकेत लपवलेल्या कॅमेऱ्याच्या एका टीव्ही कार्यक्रमात लिफ्टमधली सगळी माणसं मुद्दाम मागच्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, आणि ज्याला काही माहीत नव्हतं तो बिचारा आधी गोंधळला, इकडंतिकडं पाहिलं, आणि हळूहळू तोही मागं वळला. मला यातून कामाचं हे दिसते की लिफ्टमधे माणसं एकमेकांचं पाहून वागतात. सगळे गप्प तं आपण गप्प, एकानं हसून "या या, जागा आहे" म्हटलं की बाकीचे पण सरकून जागा करतात. सुरुवात कोणीतरी एकानं करावी लागते, तो एक आपण होऊ शकतो.

पायरी ४: पहिलं वाक्य, आणि "हो ना" ची परीक्षा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथं थोडं थांबतो.

पहिलं वाक्य नेहमी त्या गोष्टीवर पाहिजे जी दोघांनाही दिसून राहिली किंवा जाणवून राहिली. ऊन, पाऊस, लिफ्टचा पंखा, बंद पडलेली दुसरी लिफ्ट, हातातली संत्र्याची थैली, जिन्यातला पेंटचा वास. समोरच्या माणसाबद्दल काहीच नाही. आणि वाक्य बोलायच्या आधी मनात तपासा: याला नुसतं "हो ना" म्हणून उत्तर देता येते का? येत असेल तं बिनधास्त बोला. ज्याला बोलायचं तो पुढं बोलेल, ज्याला नाही तो "हो ना" म्हणून आकड्याकडं पाहील, आणि दोघांचाही मान राहील.

"काय ऊन आहे हो आज." हो ना.
"पंखा बंदच आहे वाटते परत." हो ना.
"बम गर्दी होती आज बर्डीवर." हो ना.

आता हे पाहा: "तुमच्याकडं एसी किती टनचा आहे?" याला हो ना चालत नाही. "आज लवकर कसे काय?" यालाही नाही, आता त्यानं कारण सांगावं, आणि कारण कदाचित नोकरी गेली हे असेल.

नागपुरात विषयांचा दुष्काळ नाही, वर्षभर पुरतात. मार्च ते जून उन्हाचाच हंगाम, पारा ४५ च्या पार जातो, मे संपता संपता नवतपा लागतो, तेव्हा "कूलरची हवाच लागून नाही राहिली" एवढं म्हटलं की अख्खी लिफ्ट एक होते. खसच्या ताट्या बदलल्या का, पंप जळाला का, हे कूलरचे विषय कोणाच्याही घरात न घुसता बोलता येतात. मंग मृगाचा पाऊस, आला का हुलकावणी दिली. पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, लिफ्टमधे एखादं पोरगं लाकडी बैल घेऊन चढलं तं बैलाला नमस्कार करा, पोरापेक्षा आधी त्याची आई हसते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात, १९५६ सालापासूनचा तो दिवस आहे, तेव्हा त्या भागातले रस्ते कसे वळवले आहेत ही कामाची माहिती एकमेकांना द्या. डिसेंबरात अधिवेशन, सिव्हिल लाइन्सकडं कोणता रस्ता बंद आणि मोर्चा कुठं अडवला. थंडीत संत्री. क्रिकेटवाला दिसला तं विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि मंग २०२४-२५ ची रणजी जिंकली, यातली शेवटची फायनल तं आपल्या जामठ्याच्या स्टेडियमवरच झाली, या विषयाला सात मजले कमी पडतात.

पक्ष, निवडणूक, कोणाचा देव, कोणाचं मांसाहारी-शाकाहारी, हे विषय सोडा. चांगले नसतात म्हणून नाही, २५ सेकंदात नीट होत नाहीत आणि दार उघडल्यावर अर्धवट कडवटपणा तेवढा घरी जातो.

पायरी ५: जे विचारायचंच नाही

"कोणाकडं आले?" हा प्रश्न गार्डचा आहे, आपला नाही. "कोणत्या फ्लॅटमधे?" बाईमाणसाला तं कधीच नाही. "भाड्यानं का ओनर?" "किती पडते भाडं?" "लग्न झालं का?" "झाली ना दोन-तीन वर्षं, मंग काही खुशखबर?" हा शेवटचा प्रश्न मी लिफ्टमधे ऐकलेला आहे आणि तो ऐकणाऱ्या मुलीचा चेहरा पाहिलेला आहे, तिला पाचवा मजला येईपर्यंत तिथंच उभं राहावं लागलं. विचारणाऱ्या मावशी मनानं वाईट नव्हत्या. पण प्रश्न कितीही मायेचा असला तरी बंद डब्यात, चार लोकांसमोर, जाता येत नाही अशा ठिकाणी विचारला की त्याचा भार होतो.

आणि आडनाव. "पूर्ण नाव काय म्हणाले?" "आडनाव नाही सांगितलं?" आपल्या सगळ्यांना माहीत आहे हे काऊन विचारतात. पहिल्याच भेटीत जात चाचपडून पाहायची ही सवय लिफ्टमधून तरी जाऊ द्या. समोरच्यानं पहिलं नाव सांगितलं तं तेवढंच नाव आहे त्याचं आपल्यासाठी.

वजन, उंची, रंग, टक्कल, "खूप बारीक झाले हो, बरं नव्हतं का?" हे पण नाही. माणूस कोणत्या उपचारातून जाऊन राहिला तुम्हाला काय माहीत.

आता आपल्यालाच कोणी असं विचारलं तं? तोडून बोलायची गरज नाही, शेजार आहे, उद्या परत भेटायचं आहे. अर्धं उत्तर द्या आणि बोलणं लिफ्टवर आणून सोडा.

"कोणत्या गावचे तुम्ही?"
"इकडलेच आहो काका. ही लिफ्ट आज बम वेळ लावून राहिली, नाही?"

"पगारपाणी बरं आहे ना?"
"चाललं आहे मावशी मजेत. तुम्ही भाजी बर्डीवरून आणली का? सांभार मस्त ताजा दिसून राहिला."

"खुशखबर?"
"असली की पेढे आणतो ना काकू. कोणता मजला दाबू तुमचा?"

दहातले नऊ लोक इथं वळतात, कारण त्यांना उत्तर पाहिजेच असं नसते, त्यांना कोणाशी तरी बोलायचं असते. एखादा तरीही धरून बसला तं नुसतं हसा आणि मोबाईल काढा. वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही कोणाचं उत्तराचं देणं लागत नाही.

पायरी ६: समोर एकटी मुलगी किंवा बाई असेल तं

हे पुरुषांसाठी आहे, मी पण पुरुषच आहे. रात्रीची वेळ, तळमजला, ती एकटी उभी आहे आणि तुम्ही अनोळखी. सरळ म्हणा, "तुम्ही जा ताई, मी पुढच्यानं येतो." दोन मिनिटं जातात. सोबत जायचंच झालं तं बटणांच्या पॅनलसमोर उभे राहू नका, तिचा हात पोचेल असं ते मोकळं ठेवा, आपण मागच्या कोपऱ्यात. "कोणता मजला?" एरवी इतका चांगला प्रश्न, इथं विचारायचा नाही, तिचं बटण तिला दाबू द्या. पहिलं वाक्यही तिचंच असू द्या. ती बोलली तं साधं उत्तर, नाही बोलली तं शांतता. एवढ्यानं काही बोलकेपणा कमी होत नाही आपला.

पायरी ७: भाषा

नागपुरात अनोळखी माणूस दिसला की आपण आपोआप हिंदीत सुरू होतो, "भैया, कौनसा फ्लोर?" आणि मंग दोन मराठी माणसं सातव्या मजल्यापर्यंत एकमेकांशी हिंदीत बोलतात. सुरुवात मराठीत करा ना. समोरचा हिंदीत बोलला तं हिंदीत बोला, छत्तीसगडी असेल, सिंधी असेल, तेलुगू असेल, त्याला जे सोपं ते. पण पहिलं वाक्य आपलं मराठी. आणि बोलायचं "तुम्ही" नं, वीस वर्षाच्या पोरालाही, पार्सल घेऊन आलेल्यालाही. "बे" हा आपला जीव आहे, पण तो ओळख झाल्यावर.

पार्सलवाल्यांबद्दल दोन शब्द. काही स्कीममधे त्यांना लिफ्टनं जाऊ देत नाहीत, मे महिन्यात दुपारी दोन वाजता दुपट्टा गुंडाळलेलं पोरगं आठव्या मजल्यावर जिन्यानं चढते. हे बरोबर नाही, सोसायटीच्या मीटिंगमधे बोला. आणि लिफ्टमधे भेटला तं "ऊन लागलं असेल न दादा, पाणी पाहिजे का?" यापेक्षा चांगलं वाक्य मला माहीत नाही. त्याला घाई असते, लांबण लावू नका, त्याचा मजला आधी येऊ द्या.

सरकारी ऑफिसात, जुन्या बिल्डिंगांत अजून लिफ्टमन असतो. चढल्या चढल्या नुसतं "चार" म्हणून आकडा फेकू नका. "नमस्कार भाऊ, चौथा" म्हणा. दिवसभर स्टुलावर बसून तो शेकडो लोकांना वर-खाली नेतो, त्यातले फार थोडे त्याच्याकडं पाहून बोलतात, आणि कोणतं ऑफिस कोणत्या मजल्यावर हललं, साहेब आज आले का, हे त्याच्याएवढं कोणाला माहीत नसते.

पायरी ८: फजितीच्या वेळा

टाटा करून झालं, "चला येतो" झालं, आणि दोघंही एकाच मजल्यावर उतरले. हे सगळ्यांचं होते. "अरे, इकडंच का तुम्ही पण!" म्हणून सोबत चालायचं, हसायचं. मुद्दाम हळू चालून मागं राहू नका, ते जास्त विचित्र दिसते.

खाली जायचं होतं आणि वर जाणाऱ्या लिफ्टमधे चढलो. "आता वरून फिरून येऊ" एवढं मोठ्यानं बोलून टाका, बाकीच्यांचा पण ताण जातो.

पोरानं सगळी बटणं दाबून दिली. पोराची आई आधीच शरमेनं अर्धी झालेली असते, "राहू द्या ताई, सगळे मजले पाहून होतील" म्हणा. पोराला रागवू नका, ते काम तिचं आहे.

ओव्हरलोडचा बझर वाजला. इथं फार लोक चुकतात, सगळे मिळून सगळ्यात जाड माणसाकडं पाहतात. पाहायचं नाही. शेवटी जो चढला तो उतरतो, एवढा साधा नियम, आणि उतरायची तयारी आपणच दाखवावी. आत पाटी पाहा, ६ व्यक्ती ४०८ किलो, ८ व्यक्ती ५४४ किलो असं लिहिलेलं असते, म्हणजे एका माणसाला सरासरी ६८ किलो धरलेलं आहे. सामानाचं वजन, पाण्याचा कॅन, गव्हाचं पोतं यानं ते भरून जाते, दरवेळी माणसामुळेच बझर वाजते असं नाही. हे मोठ्यानं सांगितलं की बिचाऱ्या त्या माणसाची पण सुटका होते.

सावजीचा डबा घेऊन कोणी चढलं आणि पूर्ण लिफ्टमधे मसाल्याचा वास. नाक दाबू नका. आवडत असेल तं "आज कोणाकडं तरी बेत आहे" म्हणा, नसेल आवडत तं गप्प राहा. कुत्रा असेल तं कुत्र्याला हात लावायच्या आधी मालकाला विचारा, आणि तुम्हीच मालक असाल तं चढायच्या आधी आतल्याला विचारा, "भीती तं नाही वाटत ना?" काही लोक खरंच घाबरतात आणि सांगायला लाजतात.

पायरी ९: दवाखान्याची लिफ्ट

धंतोली, रामदासपेठ, मेडिकल, मेयो. अख्ख्या विदर्भातून आणि पलीकडून छिंदवाडा-बालाघाटकडून लोक इथं येतात, काही तं आयुष्यात पहिल्यांदाच लिफ्टमधे चढलेले असतात. इथं वरच्या बऱ्याच पायऱ्या बाजूला ठेवा. ऊन, क्रिकेट, काही नाही. "काय झालं? कोणाले ठेवलं? कोणता डॉक्टर?" हे तं बिलकुलच नाही, आणि "आमच्याही एका नातेवाइकाले हेच झालं होतं" हे त्याहून नाही.

स्ट्रेचर किंवा व्हीलचेअर आली की न सांगता बाहेर निघा, जागा द्या. गावाकडला माणूस बटणांकडं पाहत उभा दिसला तं "कुठं जायचं आहे बाबा?" विचारा, दाबून द्या, आणि तुमचा मजला नसला तरी एवढं सांगा की दार उघडलं की डावीकडं का उजवीकडं. हातात औषधाची चिठ्ठी घेऊन धावणाऱ्याला सांगा मेडिकल दुकान खाली कुठं आहे. कोणी रडत असेल तं नजर काढून घ्या पण अंग चोरू नका, पाण्याची बाटली पुढं करा. ती बाटली त्यानं नाही घेतली तरी चालते. कोणी स्वतःहून बोलू लागलं तं ऐका, आणि तुमचा मजला आला तरी दोन मिनिटं बाहेर त्यांच्यासोबत उभे राहा. "होईल सगळं ठीक" असं म्हणायची घाई करू नका, आपल्याला माहीत नसते. "मी आहो इथं थोडा वेळ" हे म्हणता येते, ते खरं असते.

पायरी १०: लाइट गेले आणि लिफ्ट अडकली

पावसाळ्याच्या आधीच्या वादळात हे होतेच. आता हाच २५ सेकंदांचा प्रवास अर्ध्या तासाचा होऊ शकते, आणि अनोळखी माणसाशी खरं बोलावं लागते ते इथं.

आधी सुरक्षेचं. बऱ्याच नव्या लिफ्टमधे लाइट गेल्यावर बॅटरीवर चालून जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी सोय असते, तिला सुरू व्हायला काही सेकंद लागतात, म्हणून लगेच बटणं बडवू नका. नाही हलली तं अलार्मचं बटण, इंटरकॉम, मंग गार्डला किंवा घरी फोन. दार हातानं ओढून उघडायचं नाही, दोन मजल्यांच्या मधून उडी मारून किंवा सरपटून बाहेर यायचं नाही, अर्ध्यात असताना लिफ्ट हलली तं जीव जातो. हवा संपेल ही भीती बऱ्याच जणांना वाटते, लिफ्ट हवाबंद नसते, फटी आणि झरोके असतात, हे शांत आवाजात सांगा.

आणि मंग बोला. कोण जास्त घाबरलं ते पाहा, त्याच्याशी बोला. आता "हो ना" च्या परीक्षेची गरज नाही, उलट लांब उत्तराचे सोपे प्रश्न विचारा: तर्री पोहे कुठले आवडतात, लहानपणी पतंग कुठं उडवायचे, रामटेकला शेवटचं कधी गेले. माणूस चवीबद्दल, जागांबद्दल बोलू लागला की श्वास हळू होतो. सगळे खाली बसा, एकाच मोबाईलचा टॉर्च सुरू ठेवा, बाकीच्यांची बॅटरी राहू द्या. एखादा जोक करतोच की दोरी तुटली तं, त्याला तिथंच थांबवा.

पायरी ११: उतरताना, आणि परत भेटल्यावर

आपला मजला यायच्या एक मजला आधी बोलणं आवरतं घ्या. "चला, येतो" हे दार उघडायच्या आधी. समोरच्याचं वाक्य अर्धं राहिलं तं "राहिलेलं पुढच्या वेळी ऐकतो काका" म्हणा आणि खरंच लक्षात ठेवा.

समोरचा बोललाच नाही तं मनाला लावून घेऊ नका. शिकागोत २०१४ साली निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांनी रोजच्या ट्रेनच्या प्रवाशांवर प्रयोग केले, लोकांना वाटत होतं की अनोळखी माणसाशी बोललो तं प्रवास वाईट जाईल, पण ज्यांना बोलायला सांगितलं होतं त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा चांगला गेला. ती ट्रेन होती, तिथं वेळ भरपूर असते, लिफ्टला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण २०१८ मधे एरिका बूथबी आणि तिच्या सोबतच्यांनी दाखवलं की पहिल्या गप्पांनंतर समोरच्याला आपण जेवढे आवडलो असं आपल्याला वाटते, त्यापेक्षा जास्तच आवडलेलो असतो. म्हणजे लिफ्टमधून उतरून "मी काऊन असं बोललो" म्हणून घरी जे मनात घोळत बसतो, ते समोरच्यानं कधीच सोडून दिलेलं असते.

दुसऱ्यांदा भेटले की मागच्या वेळची एकच गोष्ट काढा. "मंग, कूलरचा पंप बसवला का?" बस एवढं. तिसऱ्या-चौथ्या भेटीत नाव विचारायचं, तेही लिफ्टमधे नाही, खाली पार्किंगमधे गाडी काढताना, जिथं त्याला पाहिजे तं किक मारून निघून जाता येते. आपलं नाव आधी सांगा, मंग त्याचं विचारा, आणि मंग निवांत उभे राहा, कारण नागपूरकर एकदा नाव सांगितलं की "चला ना, चहा घेऊ" म्हणणारच आहे.